भूकंपाच्या वारंवार हिसक्यांत सळई कशी टिकते: पुण्यातील आरसीसी बांधकामासाठी मार्गदर्शक

पुण्यात पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीच्या बैठकीत लोखंडाचा विषय निघाला की पहिला प्रश्न बहुधा कंपनीचा असतो आणि दुसरा दराचा. उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांमधले अंतर किती ठेवणार, रिंगेचे हुक किती अंशांत वळवणार, पार्किंगच्या मजल्यावरील कॉलमचा लॅप (दोन सळयांची टोके शेजारी ठेवून केलेला जोड) कुठे घेणार, हे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. भूकंपात कॉलम तग धरतो की खचतो, हे मात्र मुख्यतः याच उत्तरांवर ठरते. उभी सळई कितीही चांगली असली, तरी तिला हिसक्यागणिक सरळ धरून ठेवणारी रिंग जवळ नसेल, तर ती आपली ताकद वापरण्याआधीच बाक धरते आणि पुढे तुटते. सोसायटीच्या बांधकाम समितीतील सभासदांना, नव्या साइट इंजिनिअरांना आणि स्वतःचे घर बांधणाऱ्यांना हे टप्प्याटप्प्याने तपासता यावे, अशा बेताने पुढील मांडणी केली आहे.

भूकंपबलाचे भारतीय मानक आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार पुणे भूकंप विभाग ३ मध्ये येते आणि त्यासाठी विभाग गुणांक (त्या विभागातील अपेक्षित हादऱ्याचे माप) ०.१६ धरला जातो. ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.५ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप जिथे झाला, ते कोयनानगर पुण्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. अंतरावर विसंबून राहणे मात्र धोक्याचे आहे. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत, खाली मोकळे पार्किंग असलेल्या अनेक आरसीसी इमारती कोसळल्या. कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी या भागांतून फिरताना त्याच घडणीच्या इमारती रांगेने दिसतात.

सळईच्या आत काय घडते

तन्य, म्हणजे न तुटता वाकू-ताणू शकेल अशा पद्धतीने बांधलेल्या आरसीसी चौकटीचे डिझाइन करताना, इमारत पूर्णपणे स्थितिस्थापक राहिली असती तर जेवढे भूकंपबल आले असते, त्याचा पाचवा भागच धरला जातो. आयएस १८९३ मधील ‘आर’ हा गुणांक ५ असतो, त्याचा अर्थ हाच. म्हणजे मोठ्या भूकंपात बीमच्या टोकांजवळची आणि तळमजल्यावरील कॉलमच्या पायाजवळची सळई यील्ड होणार, म्हणजे मूळ लांबीवर परत न येण्याइतकी ताणली जाणार, हे डिझाइन करतानाच गृहीत धरलेले असते. सळई यील्ड होत पुढेमागे जाते आणि तेवढी ऊर्जा त्या जागेत खर्ची पडते. इमारत वाचण्याचा मार्ग हाच आहे, म्हणून सळईला हे काम अनेक वेळा करता आले पाहिजे.

एफई ५०० सळई (५०० हा तिच्या यील्ड ताकदीचा मेगापास्कलमधला आकडा) ०.२५ टक्के लांबली की यील्ड व्हायला लागते, म्हणजे एक मीटर सळईत अडीच मिलिमीटर वाढ झाली की मर्यादा आली. जोरदार भूकंपात बीमच्या टोकाजवळ हीच वाढ दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. इमारत एका बाजूला झुकली की तिथली सळई ओढली जाते आणि काँक्रीटला तडे जातात. इमारत उलट बाजूला झुकली की तीच सळई दाबाखाली येते. आता तडे उघडे असल्यामुळे ते मिटेपर्यंत सगळा दाब एकटी सळई घेते. शिवाय एकदा ओढून यील्ड झालेली सळई उलट दिशेने दाबली की ती पहिल्यापेक्षा कमी बलालाच यील्ड व्हायला लागते. जर्मन अभियंता योहान बाउशिंगर यांनी एकोणिसाव्या शतकात हे दाखवून दिले आणि हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या ओढीच्या आलेखात दिसणारा सपाट टप्पा परतीच्या फेरीत नाहीसा होतो, आलेख गोलसर होतो आणि सळईचा ताठपणा लवकर कमी होत जातो.

खरी मेख इथे आहे. ताठपणा उतरलेली सळई एकटीने दाब सोसत असताना तिला बाजूने आधार फक्त रिंगांचा असतो. तोपर्यंत कव्हरचे, म्हणजे सळईबाहेरच्या थराचे, काँक्रीट बहुधा निखळलेले असते. त्यामुळे सळई दोन रिंगांच्या मध्ये बाहेरच्या बाजूला बाक धरते, आणि हे घडते तेव्हा तिची एकूण लांबी मूळ लांबीपेक्षा अजून जास्तच असू शकते. ‘दाब फार नव्हता, तरी सळई कशी वाकली?’ या नेहमीच्या शंकेचे उत्तर इथे सापडते: सळईला बाक आधीच्या मोठ्या ओढीनंतर परत येताना येतो.

बाक धरलेल्या सळईच्या आतल्या, म्हणजे अंतर्वक्र बाजूवर, बरगडीच्या मुळाशी बारीक चीर पडते. पुढच्या हिसक्याला सळई ओढून सरळ होऊ लागली की ती चीर उघडते आणि दोन-चार फेऱ्यांत सळई तुटते. बाइंडिंग वायर पाच-सात वेळा पुढेमागे वाकवून हाताने तोडतात, तसेच हे घडते. अभियंते याला लो-सायकल फटीग म्हणतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या सूत्रानुसार, कायमस्वरूपी विकृतीचा (सळईच्या लांबीत होणाऱ्या, परत न फिरणाऱ्या बदलाचा) विस्तार एक टक्का असेल तर सळई ढोबळमानाने तीसेक फेऱ्या टिकते आणि दोन टक्के झाला तर आठ-दहा. विस्तार दुप्पट झाला की आयुष्य चौथाईवर येते. हे आकडे सळई सरळ राहिली तरचे आहेत, बाक आल्यास ते आणखी खाली घसरतात.

कोयना परिसरातील लहान धक्के पुण्यात जाणवले की त्यामुळे इमारतीची सळई हळूहळू थकत असेल का, असे रहिवासी काळजीने विचारतात. तसे होत नाही. अशा धक्क्यांत सळई यील्डच्या मर्यादेपासून खूप अलीकडे असते आणि तिथे हा थकवा साठत नाही.

पहिली पायरी: योग्य प्रत मागणे आणि प्रमाणपत्र वाचणे

आयएस १७८६ : २००८ मध्ये सळईच्या प्रती दिलेल्या आहेत. नुसत्या एफई ५०० ला तुटेपर्यंत लांबीत किमान १२ टक्के वाढ पुरते, एफई ५०० डी ला १६ टक्के लागते, आणि नंतर समाविष्ट झालेल्या एफई ५०० एस ला १८ टक्के. भूकंपरोधक बांधणीचे मानक आयएस १३९२० : २०१६ मात्र १४.५ टक्क्यांहून अधिक वाढ मागते. म्हणून विभाग ३ मधील पुण्यात मुख्य सळईसाठी नुसत्या एफई ५०० वर समाधान मानू नये. डी प्रत मागावी. एस प्रत प्रत्येक दुकानात मिळत नाही, पण मोठ्या कामात आधी मागणी नोंदवून ती घेता आली तर उत्तम.

तरी ‘डी’ हे अक्षर पाहून थांबणे पुरेसे नाही. गिरणीच्या चाचणी प्रमाणपत्रावरील दोन आकडे स्वतः पडताळावेत. एक म्हणजे प्रत्यक्ष यील्ड ताकद, जी नावातल्या ताकदीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक असता कामा नये. म्हणजे एफई ५०० डी साठी ती ६०० मेगापास्कलपलीकडे जाऊ नये. दुसरा म्हणजे तुटेपर्यंतची कमाल ताकद भागिले यील्ड ताकद. हे गुणोत्तर आयएस १३९२० नुसार किमान १.१५ हवे. आयएस १७८६ मध्ये डी प्रतीला १.१० पुरते, त्यामुळे सळई एका मानकात उत्तीर्ण आणि दुसऱ्यात अनुत्तीर्ण असू शकते. समजा एका खेपेच्या प्रमाणपत्रावर यील्ड ५४० आणि कमाल ६४० आहे, गुणोत्तर १.१९ येते आणि ती घ्यायला हरकत नाही. दुसऱ्या खेपेत यील्ड ६१० आणि कमाल ६७० आहे, गुणोत्तर १.१० भरते आणि यील्डही मर्यादेबाहेर आहे. दुकानदार दुसरी खेप ‘जास्त मजबूत’ म्हणून पुढे करील, पण भूकंपासाठी ती नाकारावी.

कारण समजून घेतल्याशिवाय हा नकार देताना अवघड वाटते. गुणोत्तर कमी असेल तर यील्ड झालेल्या जागेची ताकद पुढे फारशी वाढत नाही, सगळी लांबण एखाद-दुसऱ्या तड्यात एकवटते आणि सळई तिथेच तुटते. गुणोत्तर पुरेसे असेल तर तीच लांबण शेजारच्या लांबीत पसरते. आणि यील्ड ताकद गरजेपेक्षा जास्त असेल तर बीम अपेक्षेहून बळकट ठरतो, त्यामुळे कॉलम आणि सांध्यावर हिशेबाबाहेरचे बल येते. बीम आधी यील्ड व्हावा आणि कॉलम टिकावा, हा साऱ्या मांडणीचा पाया त्याने डळमळतो.

प्रमाणपत्रावर तुटल्यानंतरच्या वाढीखेरीज ‘कमाल बलाला एकूण वाढ’ असाही आकडा असतो. डी प्रतींना तो किमान ५ टक्के लागतो. तुटताना सळई एका जागी बारीक होते आणि ती स्थानिक वाढ पहिल्या आकड्यात मिसळलेली असते. सळई सर्व लांबीभर किती ताणली गेली हे दुसरा आकडा सांगतो, म्हणून मी त्याला जास्त वजन देतो.

दुसरी पायरी: साइटवर आलेले लोखंड तपासणे

पुण्याच्या बाजारात जालन्याहून आणि इतर ठिकाणांहून अनेक गिरण्यांची सळई येते, आणि प्रमाणपत्र ज्या खेपेचे आहे तीच खेप ट्रकमध्ये आहे का, हे पाहणे खरेदीदाराचे काम आहे. मोळीवरील बिल्ल्याचा हीट क्रमांक (पोलादाच्या एका वितळणीचा क्रमांक) प्रमाणपत्राशी जुळवावा. मग बरोबर एक मीटरचा तुकडा कापून वजन करावे: १२ मिमीचा ०.८८८ किलो, १६ मिमीचा १.५८ किलो, २० मिमीचा २.४७ किलो भरायला हवा. १० मिमीहून जाड ते १६ मिमीपर्यंतच्या सळईत साधारण पाच टक्के आणि त्यावरच्या जाडीत तीन टक्के फरक मानकात चालतो. वजन सतत खालच्या काठावर येत असेल, तर तेवढे लोखंड प्रत्येक कॉलममध्ये कमी जाणार आहे.

वेगवेगळ्या मोळ्यांतून नमुने काढून ते समितीच्या सहीनिशी बांधून एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावेत. नमुना ठेकेदाराने एकट्याने निवडू नये. ताण चाचणीबरोबर रिबेंड चाचणीही मागावी. तिच्यात सळई १३५ अंश वाकवतात, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवतात, थंड करून थोडी परत सरळ करतात आणि तडा गेला का ते पाहतात. उकळते पाणी कशासाठी, तर वाकवलेल्या पोलादात काळ जाता जाता येणारा ठिसूळपणा लवकर उघड व्हावा म्हणून. साइटवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेली सळई वाटेत येते म्हणून हातोड्याने वाकवतात आणि महिनाभराने पाइप घालून पुन्हा सरळ करतात. त्या सळईचे काय होत असेल, याचा अंदाज या चाचणीवरून बांधता येतो. कॉलमच्या तळाशी, म्हणजे जिथे भूकंपात सर्वाधिक काम पडणार, तिथे असे होऊ देऊ नये.

पावसाळ्यात लोखंड लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून वर आणि झाकून ठेवावे. वरवरचा तांबूस गंज चालतो. खवले सुटत असतील आणि तारेच्या ब्रशने घासल्यावर खड्डे दिसत असतील, तर ती सळई मुख्य कामात वापरू नये, कारण खड्डा नेमका चीर सुरू होण्याची जागा ठरतो. पिंजरा पक्का राहावा म्हणून उभ्या सळईला रिंग वेल्डिंगने चिकटवणेही याच कारणाने टाळावे. तारेने बांधणेच योग्य.

तिसरी पायरी: ड्रॉइंगवर रिंगा, हुक आणि लॅप पाहणे

आरसीसी कन्सल्टंटच्या ड्रॉइंगवर सर्वांत आधी कॉलमच्या दोन्ही टोकांकडचे रिंगांचे अंतर पाहावे. आयएस १३९२० नुसार तिथे हे अंतर कॉलमच्या लहान बाजूच्या चौथाईपेक्षा, सर्वांत बारीक उभ्या सळईच्या सहापट जाडीपेक्षा आणि १०० मिमीपेक्षा जास्त नसावे. उदाहरणार्थ, ३०० बाय ४५० मिमीच्या कॉलममध्ये १६ मिमीच्या सळया असतील, तर चौथाई ७५ मिमी, सहापट ९६ मिमी आणि तिसरी मर्यादा १०० मिमी; म्हणून रिंगा ७५ मिमीवर हव्यात. ही गर्दी बीमच्या तोंडापासून किमान ४५० मिमी, कॉलमची मोठी बाजू किंवा मोकळ्या उंचीचा सहावा भाग, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्या लांबीत ठेवावी लागते.

सहापटीची अट बाक येण्याशी थेट जोडलेली आहे. दोन रिंगांमधले अंतर सळईच्या जाडीच्या सहापटीच्या आत असेल, तर सळई दाबाखाली यील्ड होऊनही बऱ्यापैकी सरळ राहते. तीच १६ मिमी सळई २०० मिमी अंतराच्या रिंगांत ठेवली, तर प्रमाण साडेबारापट होते आणि ती यील्ड होताच बाहेर फुगते. ‘टोकाला ७५ काय आणि १५० काय, लोखंडच वाया’ असे साइटवर ऐकू येते, तेव्हा हे प्रमाण काढून दाखवावे.

हुक १३५ अंशांचा हवा आणि वळल्यानंतरची सरळ शेपटी रिंगेच्या जाडीच्या सहापट, पण किमान ६५ मिमी असावी. ८ किंवा १० मिमीच्या रिंगेला ६५ मिमीच लागू होते. काटकोनात वळवलेला हुक फक्त कव्हरच्या काँक्रीटच्या आधाराने बंद राहतो. कव्हर निखळले की तो उघडतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते. १३५ अंशांच्या हुकाची शेपटी आतल्या गाभ्यात रुतलेली असल्याने ती सुटत नाही. रिंगेची कोणतीही बाजू ३०० मिमीपेक्षा लांब असेल तर मधल्या सळईला धरणारी आडवी टाय द्यावी लागते. वरच्या उदाहरणातील ४५० मिमीच्या बाजूला ती लागते.

कॉलमचा लॅप मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात घ्यावा, एका ठिकाणी निम्म्याहून अधिक सळया जोडू नयेत आणि लॅपच्या लांबीभर रिंगा १०० मिमीच्या आत ठेवाव्यात. स्लॅबच्या लगेच वर लॅप घेणे फिटरला सोयीचे असते, परंतु तिथेच यील्ड होण्याची जागा असते. पुढेमागे होणाऱ्या फेऱ्यांत काँक्रीटची पकड सुटते आणि सळया एकमेकींवरून घसरतात. बीममध्ये कॉलमच्या तोंडापासून बीमच्या खोलीच्या दुप्पट अंतरात लॅप नको आणि सांध्याच्या आत तर नाहीच. लॅपऐवजी कपलर (दोन सळयांची टोके जोडणारी नळी) वापरायचा असेल, तर आयएस १६१७२ नुसार त्याच्या आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या, भाराच्या चाचणीचा अहवाल मागावा.

पार्किंगच्या मजल्याबद्दल कन्सल्टंटला स्पष्ट विचारावे. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती असतात आणि खाली नसतात, त्यामुळे इमारतीची सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते. सांध्याशी कॉलमांची एकत्रित ताकद बीमांच्या १.४ पट असावी, असे आयएस १३९२० सांगते. तळमजल्यावर पुरेशा आरसीसी भिंती आहेत का, आणि हा १.४ चा हिशेब प्रत्येक सांध्यावर केला आहे का, याचे लेखी उत्तर घ्यावे.

चौथी पायरी: काँक्रीट ओतण्याआधीचा तास

सेंट्रिंगच्या फळ्या बंद होण्याआधी टेप घेऊन पिंजरा पाहावा. सर्वांत जास्त त्रुटी बीम आणि कॉलमच्या सांध्यात सापडतात, कारण बीमच्या सळया टाकल्यावर तिथे रिंग घालायला हात जात नाही आणि ती रिंग राहूनच जाते. उपाय कामाच्या क्रमात आहे: सांध्यातल्या रिंगा बीमच्या सळया येण्याआधीच कॉलमच्या सळयांवर मोजून चढवून ठेवाव्यात आणि बीम बसल्यावर जागेवर सरकवून बांधाव्यात. चारही बाजूंनी बीम येणाऱ्या मधल्या सांध्यात मानकाने थोडी सवलत दिली आहे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या सांध्यांना ती नाही.

बीमची पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीच्या आत हवी. हुकांची तोंडे एकाच कोपऱ्यात रांगेने येऊ देऊ नयेत, आळीपाळीने फिरवावीत. फिटरने हुक काटकोनात वळवले असतील तर ‘नंतर ठोकून वळवतो’ हे मान्य करू नये. रिंगा पुन्हा बनवून घ्याव्यात. मुकादमाला पहिल्या कॉलमच्या वेळीच हे ठामपणे सांगितले, तर पुढचे कॉलम बहुतेक बरोबर येतात. प्रत्येक सांध्याचे टेप लावलेले छायाचित्र कॉलम क्रमांकासह जपून ठेवावे. पुढे कधी इमारतीची तपासणी करायची वेळ आली, तर काँक्रीटच्या आत काय आहे याचा तेवढाच पुरावा असतो.

पाचवी पायरी: मोठा हादरा बसल्यानंतर

हादरा थांबल्यावर दिसणारी भेग मूळ भेगेपेक्षा बारीक असते, कारण परतीच्या फेरीत ती बरीचशी मिटलेली असते. म्हणून बारीक भेग दिसली म्हणजे सळई यील्ड झाली नाही, असे समजू नये. अनेक बारीक भेगा पसरलेल्या असतील तर लांबण वाटली गेली आहे. लोखंड कमी असलेल्या भिंतीत किंवा बीममध्ये एकच ठळक भेग असेल तर ते जास्त चिंताजनक आहे. न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर, बाहेरून एकच भेग दिसणाऱ्या भिंतींच्या आत उभ्या सळया तुटलेल्या सापडल्या होत्या. त्यामुळे अभियंत्याने पाहण्याआधी भेगांवर प्लास्टर किंवा पुट्टी भरू नये.

कव्हर निखळून सळई उघडी पडली असेल, तर ती दोन रिंगांच्या मध्ये सरळ आहे का ते ताणलेल्या दोरीने पाहावे. बाक आलेला दिसला, तर तो भाग कामातून गेला असे धरावे. ठोकून सरळ करून पुन्हा काँक्रीट भरणे म्हणजे आतली चीर झाकून ठेवणे आहे. सळई सरळ असेल पण बरीच यील्ड झाल्याची शंका असेल, तर पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या चाचणीवरून ती किती ताणली गेली याचा अंदाज घेता येतो. त्यासाठी न ताणलेल्या भागातील त्याच सळईचा आकडा तुलनेला लागतो.

बदलायचे ठरले, तर आधी बीमना टेकू देऊन कॉलमवरचा भार उतरवावा. मग खराब भागाच्या दोन्ही बाजूंना, सळई सरळ आणि पकड शाबूत असलेल्या लांबीपर्यंत काँक्रीट फोडावे आणि एका वेळी एकच सळई कापून तिथे त्याच प्रतीचा नवा तुकडा दोन्ही टोकांना कपलरने जोडावा. कपलर खराब झालेल्या भागाच्या बाहेर यावेत आणि समोरासमोरच्या सळयांचे कपलर एका पातळीत येऊ देऊ नयेत. जुन्या रिंगा उघडलेल्या असतील तर त्या काढून टाकून १३५ अंशांच्या हुकांच्या नव्या रिंगा सळईच्या सहापट जाडीच्या आतल्या अंतरावर घालाव्यात, आणि त्यानंतरच पुढच्या सळईला हात लावावा.